'ऑकवर्ड'ला मराठीत नक्की काय म्हणता तुम्ही?

अर्धविराम
मंडळी, एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय आणि एका पानावर चार दिवस अडकून पडलेय. त्या पानावर 'ऑकवर्ड' हा शब्द चार वेळा येतो आणि चारही वेळा वेगळं तोंड घेऊन. आधी दाराची मूठ ऑकवर्ड आहे, म्हणजे हाताला नीट येत नाही, मनगट वाकडं करून फिरवावी लागते. मग तेरा वर्षांचा मुलगा ऑकवर्ड आहे, हातपाय अचानक लांब झालेत आणि ते कुठे ठेवायचे हे त्याला कळत नाही. मग तो आणि त्याचे वडील खूप दिवसांनी समोरासमोर येतात आणि ऑकवर्ड शांतता पसरते. आणि शेवटी आई वैतागून मुलाला म्हणते, 'डोन्ट बी ऑकवर्ड'.

लेखकाने हे मुद्दाम केलंय हे उघड आहे. चार वेगळे शब्द वापरले तर अर्थ येईल पण गंमत जाईल. शब्दकोशात बघितलं तर अवघड, बेढब, ओशाळवाणा, गैरसोयीचा, अडाणी अशी पाच अनोळखी माणसं एका खोलीत कोंबून ठेवल्यासारखी उभी आहेत, तीही एकमेकांशी न बोलता.

एकच मराठी शब्द मिळेल का? निदान रोजच्या बोलण्यात तुम्ही काय म्हणता ते तरी सांगा. "मला जाम ऑकवर्ड झालं" सोडून, ते मी पण म्हणते.

रिकामटेकडा
मी ऑकवर्डच म्हणतो. प्रश्न सुटला, धागा बंद करा. (दिवे घ्या, म्हणजे 'लाइटली' घ्या)

खडूसकाका
रिकामटेकडा, विनोद बाजूला ठेवा आणि तुमच्याच वाक्याकडे बघा. "मला ऑकवर्ड झालं" असं इंग्रजीत कोणीच म्हणत नाही. तिथे माणूस ऑकवर्ड असतो किंवा त्याला ऑकवर्ड वाटतं. 'झालं' आपण लावलं, कारण आपल्याला मळमळल्यासारखं होतं, कसंनुसं होतं, अवघडल्यासारखं होतं. म्हणजे जागा आधीपासून तयार होती, तिथे राहणाऱ्याने फक्त पाटी बदलली. माझं उत्तर 'अवघडणे'. खुर्चीत तासभर बसून पाय अवघडतो तोच अवघडणे, परक्या माणसांत मन अवघडतं तोही तोच. शरीर आणि मन दोन्हीला एकच क्रियापद, जसं ऑकवर्डमध्ये आहे. आणखी काय पाहिजे?

सोनसळी
'कसंनुसं'ला माझं मत. काय झालं ते सांगताच येत नाही म्हणून 'कसं' आणि वर 'नुसं'. :)

अर्धविराम
खडूसकाका, अवघडणे मी पहिल्याच दिवशी लावून बघितला. मुलगा आणि वडील अवघडले, छान. पण दाराची मूठ कशी अवघडणार? 'अवघड मूठ' म्हटलं तर कुस्तीतला डाव वाटतो.

डावखुरी
आयडीवरून कळलंच असेल की या विषयात माझा जुना वैयक्तिक हिशोब आहे.

ऑकवर्डमधला 'वर्ड' म्हणजे शब्द नव्हे. तो फॉरवर्ड-बॅकवर्डमधला, म्हणजे '-च्या दिशेने'. आणि 'ऑक' हा मध्ययुगीन इंग्रजीतला एक शब्द, जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून आलेला, अर्थ उलट बाजूला वळलेला, वाकड्या हाताचा. एकटा 'ऑक' कधीच मरून गेला, 'वर्ड'चं बोट धरलेला तेवढा वाचला. १४व्या शतकात ऑकवर्ड म्हणजे सरळसरळ 'उलट्या दिशेने' इतकंच होतं, लाजण्याबिजण्याचा काही संबंध नाही. १६व्या शतकात तो हालचालीतल्या बेंगरूळपणाला लागला आणि संकोचलेल्या माणसाला तर त्याच्याही नंतर. म्हणजे तुमच्या लेखकाची दाराची मूठ मूळ अर्थाला सगळ्यात जवळची आहे!

आणि तो नॉर्स शब्द भाषाशास्त्रज्ञ मागे मागे नेत ज्या 'अपो' या मुळाशी पोचतात त्याच मुळातून संस्कृतचा 'अप' आलाय, अपयश आणि अपशकुन मधला. लांबची का होईना, भावकी निघाली.

आता माझं गाऱ्हाणं. 'गॉश' म्हणजे चारचौघांत कसं वागावं हे न कळणारा, हा फ्रेंचमधला 'डावा'. 'सिनिस्टर', अभद्र, हा लॅटिनमधला डावा. उलट 'अड्रॉइट' आणि 'डेक्स्टरस', दोन्ही कुशल, दोन्ही उजवे. कहर म्हणजे 'अँबिडेक्स्ट्रस', ज्याला दोन्ही हात चालतात तो, शब्दशः 'दोन्ही उजवे हात असलेला'. म्हणजे आमचा डावा हात चांगला चालायला लागला की तो उजवा गणला जाणार. मराठीतही तेच, चांगला तो 'उजवा ठरतो', आणि नको असलेल्याला 'डावलतात'.

रिकामटेकडा
डावखुरी, तुमचं गाऱ्हाणं रास्त आहे, उजव्या हाताने टाईप करतोय म्हणून सॉरी.

खिडकीजवळची_सीट
खडूसकाकांच्या 'अवघडणे'ला कडक अनुमोदन, आणि त्याला एक घडलेली गोष्ट जोडतो. वाचून झाल्यावर माझ्याबद्दल मत बनवू नका.

बसमध्ये मला जागा मिळालेली. एक बाई चढल्या, सैल कपडे, एक हात कमरेवर, दुसऱ्याने दांडा धरलेला. मी ताबडतोब उठलो आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बसा ना तुम्ही, अशा अवस्थेत उभं राहू नका." त्या म्हणाल्या, "कशा अवस्थेत?"

त्यानंतर त्या बसल्या नाहीत, कारण बसल्या असत्या तर कबूल केल्यासारखं झालं असतं. मी बसलो नाही, कारण आता कुठल्या तोंडाने बसणार. बाकीचे लोक आमच्या दोघांकडे बघत होते, त्यांच्यातही कोणी बसलं नाही. गच्च भरलेली बस आणि मध्ये एक रिकामी सीट, चाळीस मिनिटं. वळणावर सगळे त्या सीटवर कलंडायचे आणि सरळ झाले की परत उभे.

तात्पर्य, त्या अवघडलेल्या नव्हत्या, मी अवघडलो.

सोनसळी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट) =))))) वळणावर कलंडणारे लोक!!

मीठमिरची_नाही
आईगं. वाचताना माझेच पाय आखडले.

प्रुफवाली
खिडकीजवळची_सीट, तुम्ही नकळत भारी धागा पकडलाय. 'एम्बॅरस' हा ऑकवर्डचा सख्खा शेजारी, इंग्रजीत आला फ्रेंचमधून आणि सुरुवातीला अर्थ होता अडवणे, वाटेत अडथळा आणणे. लाजून गोंधळणे हा अर्थ मागून आला. त्याच घराण्यातला स्पॅनिश शब्द आहे 'एम्बारासादा' आणि त्याचा अर्थ... गरोदर! स्पॅनिश नवीन शिकणारी बाई "मला फार लाज वाटतेय" म्हणायला जाते आणि भर वर्गात आपण पोटुशी असल्याचं जाहीर करते, हा त्या भाषेतला नेहमीचा घोटाळा आहे.

आणि मराठीत दिवस भरत आलेल्या बाईला काय म्हणतात? अवघडलेली. एकमेकींशी काहीही देणंघेणं नसलेल्या दोन भाषांनी संकोच आणि गरोदरपण एकाच शब्दाजवळ आणून ठेवलंय. दोन्हीकडे मूळ कल्पना एकच, हालचाल मोकळी राहिली नाही.

खडूसकाका
प्रुफवाली, हे मला माहीत नव्हतं. टोपी काढली.

नवीन_आहे_सांभाळून_घ्या
एक बेसिक प्रश्न, हसू नका. ऑकवर्ड, एम्बॅरसिंग आणि अशेम्ड यात फरक काय? मी तिन्हीसाठी 'लाजिरवाणं' वापरते आणि ऑफिसात एकदा एका साहेबांना मेलमध्ये 'युवर क्वेश्चन वॉज एम्बॅरसिंग' असं लिहून बसले, मला म्हणायचं होतं प्रश्न जरा अडचणीचा होता.

प्रुफवाली
हसण्यासारखं काही नाही, बऱ्याच जणांचं होतं. तुमच्या मेलचा अर्थ झाला 'साहेब, तुम्ही असं विचारलंत याची लाज वाटली'. तिथे 'ऑकवर्ड क्वेश्चन' बसलं असतं, कारण ऑकवर्डमध्ये दोष कोणाचाच नसतो, प्रसंगच वाकडा असतो.

माझी ढोबळ वाटणी सांगते. अशेम्ड व्हायला कोणी बघायची गरज नाही, रात्री एकटं पडून दहा वर्षांपूर्वी कोणाशी खोटं बोललो ते आठवलं तरी होतं, मराठीत शरम. एम्बॅरस व्हायला बघणारे लागतात. जिन्यावर घसरून पडलात आणि आजूबाजूला चिटपाखरू नसेल तर फक्त दुखतं, चार माणसं असतील तर आधी इकडेतिकडे बघता आणि मग दुखतं. हे ओशाळणं, खजील होणं, गोरामोरा चेहरा. आणि ऑकवर्ड दोघांच्या मध्ये असतं, कोणी चुकलेलं नसतं तरी असतं. कॉरिडॉरमध्ये समोरून येणारा आणि तुम्ही दोघंही एकाच बाजूला सरकता, मग दोघंही दुसऱ्या बाजूला, मग परत.

डावखुरी
एम्बॅरसला बघे लागतात याला डार्विनची साक्ष आहे. माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर त्याने १८७२ साली जे पुस्तक लिहिलं त्यात एक अख्खं प्रकरण लाजून लाल होण्यावर आहे. त्याच्या मते सगळ्या हावभावांत हा सगळ्यात जास्त मानवी, आणि तो येतो तो दुसरे आपल्याबद्दल काय विचार करत असतील या विचाराने.

मीठमिरची_नाही
'कानकोंडं होणे' कोणी कसं नाही आणलं अजून? माझ्या मते एम्बॅरस होण्याला याच्याइतका नेमका शब्द नाही. आपल्यामुळे काहीतरी झालंय, कोणी बोलत नाहीये, पण सगळ्यांना माहितीये आणि आपल्याला ते माहितीये. चारचौघांत बसून आत आत सरकत जाणं. मागच्या पिढीच्या तोंडी सर्रास होता, आता ऐकू येत नाही, सगळे 'क्रिंज' म्हणतात.

पंधरावं_वरीस_नव्हे_सतरावं
क्रिंज वेगळं आहे पण. क्रिंज म्हणजे दुसऱ्याने काहीतरी केलं आणि लाज मला वाटली. कोणीतरी स्टेजवर बेसूर गातंय आणि त्याला स्वतःला वाटतंय भारी चाललंय, तेव्हा आपल्याला जे होतं ते. त्याला तर काहीच होत नसतं, तो मजेत असतो.

डावखुरी
बरोबर. जर्मनमध्ये याला स्वतंत्र शब्द आहे, 'फ्रेम्डशेमन', परक्यासाठी लाजणे. स्पॅनिशमध्ये 'परकी लाज' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. आणि क्रिंज या शब्दाचा प्रवास बघा, त्याचा जुन्या इंग्रजीतला पूर्वज म्हणजे लढाईत कोसळणे, वाकून पडणे. मग भीतीने अंग चोरणे, मग लाचारपणे वाकणे, आणि आता काकांनी लग्नाच्या व्हिडिओत नाचणे.

सोनसळी
मराठीत मग 'उसनी लाज' म्हणूया का? ज्याची त्याला नाही म्हणून आपण उसनी घेतली.

पंधरावं_वरीस_नव्हे_सतरावं
उसनी लाज!! हे मी आजपासून वापरणार.

रिकामटेकडा
परत कधी करायची असते?

नेटवर्कबाहेर
ऑकवर्ड शांततेबद्दल थोडं. आपण बोलताना एकाचं संपल्यावर दुसरा किती वेळात सुरू करतो? दहा वेगवेगळ्या भाषांतल्या गप्पा रेकॉर्ड करून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये आला होता, त्यात हे अंतर सरासरी साधारण २०० मिलिसेकंद निघालं, सेकंदाचा पाचवा हिस्सा. भाषाभाषांत थोडा फरक आहे पण सगळ्या त्याच्याच आसपास. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण आपलं जुळवायला घेतलेलं असतं. या वेगाची सवय असलेल्या कानाला तीन-चार सेकंदांची गॅप म्हणजे खड्डाच.

म्हणूनच व्हिडिओ कॉलवर सगळेच जरा बावळट वाटतो. आवाज पोचायलाच वेळ लागतो, मग दोघं एकदम सुरू होतात, दोघं एकदम थांबतात, "नाही नाही तुम्ही बोला", "नाही तुम्ही", आणि मग दोघंही गप्प. कॉरिडॉरमधला प्रकार, फक्त आवाजाचा. आणि कॉल संपताना हात हलवून झाला, बाय म्हणून झालं, आणि ते लाल बटण सापडत नाही तेव्हा चेहऱ्यावर जे हसू गोठलेलं असतं, त्याला मराठीत शब्द द्या आधी.

मीठमिरची_नाही
"कसनुसं हसू". दिला.

खडूसकाका
नेटवर्कबाहेर यांची माहिती चांगली आहे पण अर्धविराम यांच्या शांततेचं काय? 'अवघडलेली शांतता' लिहून टाका की.

प्रुफवाली
इथे मात्र काका, तुमच्याशी पटत नाही. शांतता अवघडत नाही, माणसं अवघडतात. 'अवघडलेली शांतता पसरली' हे मी वर्षाला पन्नासदा तरी तपासते आणि दर वेळी मागे इंग्रजी वाक्य दिसतं. इंग्रजी प्रसंगाला विशेषण चिकटवतं, ऑकवर्ड शांतता, ऑकवर्ड क्षण, ऑकवर्ड भेट. मराठीत ते माणसाला होतं. "दोघांनाही काय बोलावं सुचेना." झालं, शांतताही आली आणि अवघडलेपणही, आणि दोन्ही शब्द न वापरता.

खडूसकाका
मग उदास संध्याकाळ कशी चालते? संध्याकाळ कुठे उदास असते? भयाण शांतता, जीवघेणी शांतता हे चालतं आणि अवघडलेलीवरच राग का? भाषा वाढते बाई. नवीन जोड सुरुवातीला टोचतेच.

प्रुफवाली
टोचते म्हणूनच तर मला पगार मिळतो. :) भयाण शांतता ऐकणाऱ्याला भिववते, जीवघेणी त्याचा जीव घेते. 'अवघडलेली' म्हणजे ती स्वतःच अवघडून बसलीये असा अर्थ होतो. 'अवघडवणारी शांतता' एक वेळ मान्य करेन, पण ती कोणी म्हणत नाही.

टंकनिका
तुम्हा दोघांचं भांडण चालू द्या, अवांतर सांगते. ब्रिटिश लोक 'ऑकवर्ड कस्टमर' म्हणतात तेव्हा गिऱ्हाईक असेलच असं नाही, नडणारा, हट्टी, वाकड्यात शिरणारा माणूस असा अर्थ. मी हे कळायच्या आधी एका सहकाऱ्याबद्दल हे वाचून अर्धा तास त्याचा ग्राहक क्रमांक शोधत होते. आणि सैन्यात 'ऑकवर्ड स्क्वाड' म्हणजे अजून कवायत न जमणाऱ्या नव्या भरतीची तुकडी, तिथे मात्र नडण्याचा संबंध नाही, नुसता वेंधळेपणा. त्यामुळे अर्धविराम, तुमच्या चौथ्या वाक्यातली आई 'लाजू नकोस' म्हणत नाहीये. ती म्हणतेय 'उगाच नडू नकोस'.

अर्धविराम
टंकनिका!!! मी तिथे 'लाजू नकोस' करून ठेवलं होतं. पुढच्या ओळीत मुलगा दार आपटून जातो ते मला तेव्हापासून कळत नव्हतं. वाचवलंत.

मीठमिरची_नाही
मग 'आडमुठेपणा करू नकोस' म्हणा की सरळ.

सोनसळी
थांबा थांबा. आडमुठेपणा. आड-मूठ. आणि पहिल्या वाक्यात दाराची मूठ आहे. दाराची मूठ आडमुठी!

डावखुरी
अगंबाई. आणि 'आड' म्हणजे आडवा, तिरका, सरळ नसलेला. ऑकचा मूळ अर्थ काय होता? उलटा वळलेला. एक शब्द शोधत होतो, शब्दांचं कुटुंब मिळालं.

खडूसकाका
मुलगा अडनिडा. 'अडनिडं वय' हे तर आयतंच आहे, ना धड लहान ना धड मोठा, हातपाय कुठे ठेवायचे कळत नाही ते हेच वय. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

प्रुफवाली
आडमुठा आणि अडनिडा यांची व्युत्पत्ती एकच आहे असं मी कुठेही सही करून देणार नाही. पण वाचणाऱ्याच्या कानाला एकच ठोका ऐकू येतो, आणि कथेत तेवढं पुरतं. शांततेसाठी 'बोलणं अडलं' घ्या, म्हणजे काकांचा आणि माझा तहही होईल.

खडूसकाका
तह मंजूर. 'अवघडलेली शांतता' मी माझ्या कथेत वापरीन.

प्रुफवाली
माझ्याकडे आली तर खोडीन.

अर्धविराम
मंडळी, आत्ता टाईप करून बघितलं. दाराची मूठ आडमुठी होती, मनगट वाकडं केल्याशिवाय वळायची नाही. मुलगा अडनिड्या वयाचा. बाप समोर आला आणि दोघांचंही बोलणं अडलं. आणि आई, "आडमुठेपणा करू नकोस". आता तर तिचं वाक्य पहिल्या ओळीतल्या मुठीला जाऊन भिडतं, जे इंग्रजीतही इतकं थेट नाहीये. एकच शंका, 'आडमुठी मूठ' जरा जास्त खेळ केल्यासारखं वाटतंय का?

टंकनिका
वाटतंय थोडं. ठेवा तसंच.

प्रुफवाली
'मूठ आडमुठी होती' हा क्रम बरोबर आहे. 'आडमुठी मूठ' केलंत तर मात्र जीभ अडखळेल.

नवीन_आहे_सांभाळून_घ्या
उशिरा सांगतेय, साहेबांना परत मेल केला, समजावून. त्यांचं उत्तर आलं, 'नो वरीज, धिस इज ऑकवर्ड'. आता हा कुठला?

रिकामटेकडा
आमचा. ऑकवर्डच म्हणा म्हणून पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

सोनसळी
जाता जाता @खिडकीजवळची_सीट, त्या चाळीस मिनिटांनंतर शेवटी बसलं कोण?

खिडकीजवळची_सीट
माहीत नाही. मी दोन स्टॉप आधीच उतरलो आणि चालत गेलो.